ग्वाल्हेरच्या गच्चीवरचा बर्फ

ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर या हिवाळ्यात मी लागोपाठ दोन रात्री कॅमेरा लावला. दर 20 सेकंदांना एक फोटो. बारा तासांत 2160 फोटो होतात आणि ते सेकंदाला 25 या वेगानं पळवले, की अख्खी रात्र दीड मिनिटाच्या आत डोळ्यांसमोरून जाते. चौकटीत दोरीवरचा पंचा होता, एक डिजिटल तापमापक होता आणि पेंढ्याच्या जाड थरावर पाणी भरून ठेवलेल्या मातीच्या दोन उथळ ताटल्या होत्या. एक उघड्यावर, दुसरी सतरंजी टाकलेल्या बाजेखाली.

आधीचे दोन दिवस मावठा पडत होता. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात उत्तर भारतावरून सरकतात, त्यांचाच हा पाऊस. ढग असेपर्यंत रात्री सुसह्य असतात. विक्षोभ पुढे सरकला, आभाळ मोकळं झालं आणि वारा वायव्येकडून वाहू लागला, की एका रात्रीत हुडहुडी भरते.

पहिल्या रात्रीच्या चित्रफितीत पंचा सारखा फडफडतोय. तापमापकाचा आकडा 14 वरून 6 अंशांवर आला, पण ताटल्यांत काही घडलं नाही. दुसऱ्या रात्री दहानंतर वारा पडला. पंचा काठीसारखा सरळ लोंबू लागला. आकडा 3 अंशांच्या खाली एकदाही गेला नाही, आणि तरीही पहाटे उघड्यावरच्या ताटलीत बर्फ होता. बाजेखालच्या ताटलीत नुसतं गार पाणी.

हवा शून्याच्या वर असताना पाणी गोठतं कसं? प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात सतत उष्णता बाहेर टाकत असते. ढग आणि हवेतली वाफ त्यातली बरीचशी खाली परतवतात. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली, की विशेषतः 8 ते 13 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या किरणांना थेट अवकाशाकडे वाट मिळते. आभाळाकडे तोंड करून असलेली वस्तू मग भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. वारा असला तर तो उबदार हवा आणून ही तूट भरत राहतो, म्हणून पहिली रात्र वाया गेली. खालचा पेंढा गच्चीची ऊब ताटलीपर्यंत पोचू देत नाही, आणि बाजेखालच्या ताटलीला तर आभाळच दिसत नाही.

ही युक्ती माझी नाही. अलाहाबादेत पूर्वी असाच बर्फ करत, आणि त्याचं वर्णन रॉबर्ट बार्कर यांनी 1775 मध्ये छापलं. उथळ खड्ड्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं अंथरायची, त्यांवर सच्छिद्र मातीच्या ताटल्यांत पाणी ठेवायचं आणि सूर्य उगवायच्या आत बर्फ गोळा करायचा. कारण बाष्पीभवन असावं, असा तेव्हा समज होता. त्याचाही थोडा वाटा असतो. पण मुख्य काम आभाळाकडे जाणाऱ्या उष्णतेचं, हे विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दंवावरच्या 1814 सालच्या निबंधात पटवून दिलं. त्यांनी लोकरीचे पुंजके फळीच्या वर आणि खाली ठेवून रात्रभरात कुणाचं वजन किती वाढतं ते पाहिलं. वरच्या लोकरीनं कितीतरी जास्त दंव धरलं होतं. इतक्या साध्या सामानावर एवढा मोठा उलगडा झाला, याचं मला अजून नवल वाटतं.

हवामान खातं तापमान मोजतं ते जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवरच्या, झडपांच्या पांढऱ्या पेटीत. मैदानी भागात किमान तापमान 4 अंश किंवा त्याखाली गेलं की थंडीची लाट धरतात. पेटीत 3 अंश असताना शेतातल्या पानाचा पृष्ठभाग शून्याखाली गेलेला असू शकतो, आणि मोहरीला, बटाट्याला सोसायची असते ती पानावरची थंडी.

गोठण्याचा क्षण मी पुन्हा पुन्हा पाहिला. साडेपाचच्या एका फोटोत पाणी आरशासारखं स्वच्छ आहे. पुढच्याच फोटोत काठापासून मध्यापर्यंत सुयांसारखे लांब स्फटिक पसरलेत. पाणी शून्याखाली जाऊनही काही वेळ द्रव राहतं, आणि कुठे तरी पहिला स्फटिक धरला की बाकीचे झरझर वाढतात. दोन फोटोंमधल्या त्या 20 सेकंदांत ते घडून गेलं. पुढच्या खेपेला पहाटेपुरतं हे अंतर 2 सेकंदांवर आणणार आहे.

दीडच्या सुमाराला चित्र धूसर झालं होतं. भिंगही आभाळाकडे पाहत होतं, त्यामुळे त्यावर दंव धरलं. ते पुसून मी वर पुठ्ठ्याचं छप्पर बांधलं. मग सकाळपर्यंत चित्र स्वच्छ राहिलं.

चौकटीच्या कोपऱ्यात, माझ्या प्रयोगाबाहेर, तुळस होती. आई थंडीत रोज संध्याकाळी तिच्यावर जुनं लुगडं टाकते. सात वाजता ती वर आली. लुगड्याच्या वरच्या घडीवर बारीक पांढरी भुकटी साचली होती. आईनं ते उचलून झटकलं. आतली पानं कोरडी होती.