प्रकाशतंतूंची जोडणी

काचेच्या एका तंतूतला प्रकाश कमीत कमी नुकसानीत दुसऱ्या तंतूत उतरवण्याचे तंत्र. टोके वितळवून तंतू कायमचे सांधले तर त्याला स्प्लायसिंग म्हणतात. भिंगांच्या मदतीने प्रकाश मोकळ्या जागेतून पलीकडे न्यायचा असेल तर कॉलिमेटर लागतो. टेलिफोन केंद्रांना जोडणारी भारतातली पहिली स्थानिक प्रकाशतंतू यंत्रणा १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली. पुणे जिल्ह्यातच खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ३० अँटेनांचे संकेत तंतूंवरूनच मध्यवर्ती इमारतीत येतात.

खरी अडचण मापाची आहे. दूरसंचारात वापरल्या जाणाऱ्या सिंगल मोड (प्रकाशाला एकच वाट देणाऱ्या) तंतूचा बाहेरचा व्यास १२५ मायक्रोमीटर, पण प्रकाश धावतो तो गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटरचा. दोन गाभे एकमेकांपासून १ मायक्रोमीटर सरकले तरी ०.१५ ते ०.२ डेसिबल लॉस, म्हणजे प्रकाशाची घट, होतो. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीवर जवळपास किलोमीटरभर केबलमध्ये होतो तितकाच!

पुण्यात रस्त्याची खोदाई निघाली की जेसीबीखाली केबल सापडणे आलेच. मग फुटपाथवर स्प्लायसिंगचे मशीन मांडून जॉइंट मारावे लागतात. तंतूवरचे आवरण सोलायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसायचा आणि क्लीव्हरने, म्हणजे तंतू तोडायच्या धारदार हत्याराने, टोक काटकोनात तोडायचे. टोक एखाद्या अंशाहून जास्त तिरके गेले तर पुन्हा तोडलेले बरे. पुढचे काम मशीनचे: ते दोन्ही टोके समोरासमोर आणते आणि विजेच्या ठिणगीने वितळवून एक करते. सांध्यावर बारीक पोलादी काडी असलेली स्लीव्ह (संरक्षक नळी) तापवून बसवतात. चांगल्या जॉइंटचा लॉस ०.०५ डेसिबलच्या आसपास राहतो. महागड्या मशीनचे कौतुक फार होते. पण जॉइंट बिघडतो तो बहुधा बोथट क्लीव्हरमुळे किंवा धुळीमुळे. तंतूंचे रंगही पाहावे लागतात. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी या क्रमात गफलत झाली तर जॉइंट उत्तम असूनही एकाची लाइन दुसऱ्याला जाते.

कॉलिमेटरचे गणित वेगळे. तंतूबाहेर पडताच प्रकाश फाकतो. टोक भिंगाच्या नाभीपाशी ठेवले की त्याचा जवळजवळ समांतर झोत होतो आणि समोरचा दुसरा कॉलिमेटर तो गोळा करून पुढच्या तंतूत घालतो. यासाठी पुष्कळदा ग्रिन भिंग वापरतात. ते सपाट टोकांचे दंडगोल असते. अक्षापासून कडेकडे काचेचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे माप) घटत जातो आणि त्यामुळेच किरण वळतात. काच आणि हवा यांच्या सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, म्हणून पृष्ठभागावर परावर्तनरोधी लेप देतात आणि तंतूचे टोक बहुधा ८ अंशांनी तिरके घासतात. रुंद झोत थोडा बाजूला सरकला तरी चालते, पण एका अंशाच्या लहानशा भागानेही कलला तर लॉस झपाट्याने वाढतो. म्हणून अशा जोड्या कारखान्यातच बसवून पक्क्या करतात. दोन कॉलिमेटरांमधल्या जागेत फिल्टर, आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) किंवा आरसा ठेवता येतो, आणि तेवढ्यासाठीच हा खटाटोप. केबलच्या सांध्याला स्प्लायसिंगच बरे.

मशीनच्या पडद्यावर दिसणारा लॉस हा अंदाज असतो. खरे मोजमाप ओटीडीआरने, म्हणजे तंतूत प्रकाश सोडून परत येणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राने होते, तेही दोन्ही टोकांकडून. वेगवेगळ्या बनावटीचे तंतू सांधलेले असतील तर एका बाजूने पाहताना जॉइंटवर प्रकाश चक्क वाढल्यासारखा दिसतो. दोन्ही बाजूंच्या आकड्यांची सरासरी हाच त्या जॉइंटचा लॉस धरतात.