एका महिन्यात सापडलेला विषाणू

१८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातलं होतं. कारण शोधायला दोघे जण पोचले: जपानहून कितासातो आणि फ्रान्सच्या पाश्चर संस्थेत घडलेले येर्सिन. कितासातोंना रुग्णालयाची दारं उघडी होती, येर्सिनना मात्र मृतदेहही तपासायला मिळेनात. शेवटी मृतदेह पुरण्याचं काम करणाऱ्या खलाशांच्या हातावर पैसे ठेवून त्यांनी गाठींतला पू मिळवला. प्लेगचा जिवाणू सापडला, पण आधी कोणाला, हा वाद कित्येक वर्षं धुमसत राहिला. दोनच वर्षांत प्लेग मुंबईत आला.

२००३ साली त्याच हाँगकाँगमधल्या एका हॉटेलातून सार्स हा फुफ्फुसांचा जीवघेणा आजार जगभर गेला. शेजारच्या ग्वांगडाँग प्रांतातून आलेले एक आजारी डॉक्टर फेब्रुवारीत तिथे उतरले होते. तिथल्या पाहुण्यांबरोबर आजार हनोई, सिंगापूर आणि टोरांटोला पोचला. हनोईत जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. कार्लो उर्बानी यांनी हा नेहमीचा न्यूमोनिया नाही हे ओळखलं आणि वेळीच इशारा दिला.

१७ मार्चला संघटनेने आजाराचं कारण शोधायला ९ देशांतल्या ११ प्रयोगशाळा एकत्र जोडल्या. रोज फोनवर बैठक व्हायची. मायक्रोस्कोपमधली चित्रं आणि चाचण्यांचे निकाल सगळ्यांसमोर मांडले जायचे, तेही शोधनिबंध छापून येण्याआधी.

मला यात सर्वांत मोलाचे वाटतात ते चुकलेले अंदाज. जर्मनीत आणि हाँगकाँगमध्ये पॅरामिक्सोविषाणूसारखे, म्हणजे गोवराच्या विषाणूच्या कुळातले, कण दिसले. कॅनडात मेटान्यूमोविषाणू हा श्वसनमार्गाचा विषाणू सापडला. चीनमध्ये क्लॅमिडिया या जिवाणूकडे बोट दाखवलं गेलं होतं. एकट्याने काम करणाऱ्याने यातला एखादा धागा महिनोन्महिने ओढला असता. इथे तसं झालं नाही. एकाने काही सांगितलं की बाकीचे आपापल्या नमुन्यांत तेच शोधत, आणि सगळीकडे ते सापडत नसे. आजार एकच, तर कारणही प्रत्येक शहरातल्या रुग्णात दिसायला हवं ना!

मग हाँगकाँगमध्ये श्रीलंकेत जन्मलेले मलिक पेरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत एक विषाणू वाढवता आला. त्यांनी लावलेली कसोटी साधी आणि नेमकी होती. विषाणू शिरलेल्या पेशींवर रुग्णाचं रक्तद्रव घालायचं. त्यात प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने त्या विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं, असली तर ती विषाणूला चिकटतात आणि चमकणाऱ्या रंगामुळे दिसतात. आजाराच्या सुरुवातीला घेतलेल्या रक्ताने काही चमकलं नाही, त्याच रुग्णांच्या नंतरच्या रक्ताने चमकलं. म्हणजे मधल्या दिवसांत शरीर याच विषाणूशी झुंजलं होतं. त्याच सुमारास अमेरिकेत अटलांटाच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेमध्येही विषाणू वाढला आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याचा काटेरी मुकुट दिसला. हा कोरोनाविषाणू होता. तोवर माणसांतला कोरोना म्हणजे सर्दी, एवढीच त्याची ओळख होती.

१२ एप्रिलला व्हँकुव्हरच्या संशोधकांनी त्याच्या आरएनएची, म्हणजे जनुकीय मजकुराची, सुमारे २९,७०० अक्षरं वाचून काढली. रॉटरडॅममध्ये हा विषाणू दिलेल्या माकडांना तसाच आजार झाला, आणि १६ एप्रिलला कारण पक्कं झाल्याचं जाहीर झालं.

लस नव्हतीच. रुग्णांना वेगळं ठेवून आणि त्यांच्या संपर्कातली माणसं शोधून जुलैत साथ आटोक्यात आली, तोवर ७७४ जण दगावले होते. उर्बानीही त्यांतलेच, २९ मार्चला बँकॉकमध्ये ते गेले. अटलांटात वेगळ्या केलेल्या विषाणूच्या पहिल्या स्ट्रेनला, म्हणजे वाणाला, त्यांचंच नाव दिलेलं आहे.