पॅरिशचं चर्च आणि यात्रेचं चर्च: फरक काय आणि जाताना काय लक्षात ठेवायचं

डिसेंबर जवळ आला की बेळगाव-खानापूर भागातल्या कॅथलिक घरांत जुन्या गोव्याचं बोलणं सुरू होतं. सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण, ३ डिसेंबरला. त्याआधीच्या नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, काळात कुणी पायी निघतं, कुणी अनमोड नाहीतर चोर्ला घाटातून गाडी काढतं. तेव्हाच कुणीतरी विचारतं, एवढं लांब कशाला, आपल्या भागातली जुनी चर्चही आहेतच की, तिथं यात्रा होत नाही का? प्रश्न रास्त आहे. पण 'जुनं चर्च' म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात जातात: एक पॅरिशचं चर्च, दुसरं यात्रेचं, म्हणजे श्राइन. वय, मनोरा, गर्दी यांवरून हा फरक कळत नाही.

कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेत पॅरिश म्हणजे इमारत नव्हे. बिशपांनी एका धर्मगुरूकडे सोपवलेला श्रद्धावंतांचा कायमचा समुदाय म्हणजे पॅरिश, आणि त्याची हद्द सहसा ठरलेली असते. श्राइन म्हणजे भाविक एखाद्या खास भक्तीपोटी जिथं यात्रेला येतात आणि ज्या यात्रेला स्थानिक बिशपांची मान्यता आहे, ते पवित्र स्थान. म्हणजे पहिलं तिथं राहणाऱ्यांसाठी, दुसरं लांबून येणाऱ्यांसाठी.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा तर पॅरिशच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा कुंड शोधा. प्रत्येक पॅरिशच्या चर्चमध्ये ते असावं असा नियमच आहे. कुंडाबरोबर येतं बाप्तिस्म्याचं रजिस्टर. बाळाचं नाव, आईवडील, धर्ममातापिता, तारीख एवढ्यावर ते थांबत नाही. पुढं त्या मुलाचं दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करणारा पुढचा संस्कार, झालं की त्याच नोंदीच्या समासात ते लिहितात. लग्न झालं की तेही तिथंच, मग ते लग्न मुंबईत झालेलं असो की मडगावात. लग्न लागलेल्या पॅरिशने मूळ पॅरिशला कळवायचं असतं. म्हणून तर लग्न ठरलं की फादर पहिल्यांदा बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागतात. गाव सोडून चाळीस वर्षं झालेल्या माणसाची गोष्ट त्या समासात अजून पुढं सरकत असते. मला जुन्या चर्चमध्ये सगळ्यात मोलाची वस्तू हीच वाटते, वेदीवरच्या कोरीव कामापेक्षाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पॅरिशच्या प्रमुख धर्मगुरूने दर रविवारी आणि सक्तीच्या सणांना एक मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आपल्या पॅरिशच्या लोकांसाठी अर्पण करायचाच असतो. त्या मिस्सासाठी कुणाकडून दान घ्यायचं नसतं. यात्रेकरू म्हणून आपण रविवारी अशा चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो तेव्हा त्या गावाच्या माणसांसाठी चाललेल्या प्रार्थनेत आपण पाहुणे असतो. फोटो काढत मधल्या वाटेने वेदीपर्यंत जाणाऱ्यांना म्हणूनच मी कळकळीने सांगतो की मिस्सा संपेपर्यंत थांबा.

श्राइनची रीत वेगळी. देववचन, मिस्सा, पापनिवेदन हे सगळं तिथं भरपूर प्रमाणात उपलब्ध असावं, असं कायदाच सांगतो. नवसाच्या वस्तू सांभाळून, लोकांना दिसतील अशा ठेवाव्यात, असंही त्यात आहे. तामिळनाडूतल्या वेलंकणी मातेच्या श्राइनला गेलेल्यांना हे सांगायला नको. जुन्या गोव्यात मात्र एक घोळ नेहमी होतो. सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष वर्षभर असतात ते बोम जेझू बॅसिलिकेत, जांभ्या दगडाच्या बिनगिलाव्याच्या इमारतीत. समोरची पांढरी, एकच मनोरा उरलेली इमारत म्हणजे से कॅथीड्रल (कॅथीड्रल म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च). दर दहा वर्षांनी अवशेषांचं दर्शन खुलं होतं तेव्हा ते बोम जेझूमधून सेमध्ये नेतात. २०२४च्या नोव्हेंबरपासून ५ जानेवारी २०२५पर्यंत तसंच झालं.

हा फरक माहीत नसला की अडचण येते ती नवसाच्या वेळी. 'बाळ झालं तर वेलंकणीला बाप्तिस्मा देऊ' असं पुष्कळ जण बोलून बसतात. बाळाचा बाप्तिस्मा साधारणपणे आईवडिलांच्या पॅरिशमध्येच व्हायचा असतो. दुसरीकडे करायचा तर तसं योग्य कारण हवं, आणि आपल्या फादरांचं पत्र आधी घेतलेलं बरं. लग्नाचंही तसंच. नवस फेडायला बाळाला घेऊन जा, मेणबत्ती लावा, आभार माना. बाप्तिस्मा घरच्या कुंडावर होऊ द्या.

एकच चर्च दोन्हीही असू शकतं. माहीमचं सेंट मायकल हे पॅरिशचं चर्च, पण १९४८पासून दर बुधवारी चालत आलेल्या नोव्हेना प्रार्थनेला सगळ्या धर्मांचे लोक तिथं येतात.

आता मूळ प्रश्न: आपल्या जुन्या पॅरिशला यात्रा होते का? होते, आणि त्यासाठी चर्चने दिवसही नेमून दिलेत. इंडलजन्स म्हणजे पापाची क्षमा मिळाल्यानंतरही उरणाऱ्या ऐहिक शिक्षेची माफी. मान्यताप्राप्त श्राइनला गटाने यात्रा करून गेलात तर पूर्ण इंडलजन्स कोणत्याही दिवशी मिळतं. एकट्याने गेलात तर वर्षातून एकदा, आपण निवडलेल्या दिवशी. शिवाय तिथल्या नामसणाला, म्हणजे ज्या संताच्या वा मातेच्या नावाने ते चर्च उभं आहे त्यांच्या सणाला. पॅरिशच्या चर्चला दिवस दोनच. एक त्याचं नामसण. दुसरा २ ऑगस्ट, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या पोर्सियुंकुला चॅपलशी जोडलेला. कॅथीड्रलला याहून जास्त दिवस आहेत. बेळगाव कॅम्पातल्या फातिमा कॅथीड्रलचं नामसण १३ मे.

अटी दोन्हीकडे सारख्याच: चर्चमध्ये 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' आणि श्रद्धांगीकार (आपली श्रद्धा बोलून दाखवणारी प्रार्थना) म्हणायचा, पापनिवेदन, ख्रिस्तशरीर स्वीकारणं, पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि कोणत्याही पापाची ओढ न ठेवणं. पापनिवेदन काही दिवस आधी किंवा नंतर झालं तरी चालतं.

कॅम्पातलंच सेंट मेरीज चर्च मात्र या हिशेबात येत नाही. १८६९चं ते चर्च अँग्लिकन परंपरेतलं आहे. तिथं आदराने जावं, पण कॅथलिक मिस्सा तिथं शोधू नये.

खेड्यातलं पॅरिशचं चर्च दुपारी बहुधा बंद असतं आणि शेजारी फादरांचं घर असतं. आधी फोन करा. मिस्सा कोकणीत, मराठीत की कन्नडमध्ये, तेही विचारून घ्या. नामसणाची तारीखही विचारा, कारण पुष्कळ गावांत फेस्त सोयीसाठी जवळच्या रविवारी ढकलतात. रीतसर पुढं नेलेल्या सणाबरोबर इंडलजन्सही त्या दिवशी जातं.