तेल लागलं, मग विहीर चालू का होत नाही?

कुठल्यातरी छोट्या कंपनीला तेल लागलं अशी बातमी येते, लगेच शेअर उसळतो, फॉरवर्ड फिरायला लागतात, आणि मग वर्षभर सगळं चिडीचूप. लोक म्हणतात फसवलं. कधीकधी ते खरंही असतं, पण बऱ्याचदा तेल खरोखर तिथे असतं, फक्त वर येत नाही, आणि ते का येत नाही हा मला या अख्ख्या विषयातला सगळ्यात भारी भाग वाटतो, म्हणून हे लिहितोय.

आधी तो तळ्याचा गैरसमज काढून टाकू. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं, तेल दगडात असतं. वालुकाश्माचा कापलेला तुकडा हातात घेऊन त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा, क्षणभर तो गोल उभा राहतो आणि मग बघता बघता आत जिरतो. असल्याच बारीक छिद्रांमध्ये, दोन-तीन किलोमीटर खाली, तेल, वायू आणि पाणी दाबाखाली अडकून बसलेलं असतं. हेन्री डार्सी या फ्रेंच इंजिनिअरने वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपतं याचा नियम 1856 मध्ये मांडला, आणि दगड किती 'वाहू देतो' हे तेलवाले आजही डार्सी याच एककात मोजतात.

आता खरी गंमत. सभा सुटल्यावर मैदानभर पसरलेली माणसं एकाच गेटकडे निघाली की चेंगराचेंगरी गेटापाशीच होते, तसंच चारी बाजूंनी विहिरीकडे येणाऱ्या तेलाचं होतं. विहिरीची त्रिज्या 10 सेंटिमीटर आणि तेल 300 मीटर लांबून येतंय असं धरा, तर एकूण दाबातला निम्मा दाब शेवटच्या साडेपाच मीटरमध्येच खर्च होतो, म्हणजे विहिरीलगतचा दगड चांगला असणं किती गरजेचं आहे बघा. आणि नेमका तोच दगड आपण खोदताना खराब करतो! खोदताना भोकात 'मड' फिरवतात, म्हणजे बेंटोनाइट माती, बराइट वगैरे घातलेलं जड पाणी, त्याचा दाब मुद्दाम दगडातल्या दाबापेक्षा थोडा जास्त ठेवतात, नाहीतर तेल-वायू उसळून वर येईल. त्यामुळे मडमधलं पाणी दगडात घुसतं, भिंतीवर ओल्या चामड्यासारखा पापुद्रा बसतो, बारीक कण छिद्रात अडकतात, दगडातली माती गोड्या पाण्याने फुगते. समजा विहिरीच्या मध्यापासून फक्त अर्ध्या मीटरपर्यंतच्या दगडाची वाहू देण्याची क्षमता दहापट कमी झाली. हिशोब असा: 300 मीटर भागिले 10 सेंटिमीटर म्हणजे 3000, निरोगी विहिरीत अडथळा त्याचा नॅचरल लॉग, म्हणजे 8. विहिरीभोवतीच्या या खराब गोल कड्याचा जादा अडथळा 9 (दहापटीतून एक वजा) गुणिले 5 चा (अर्धा मीटर भागिले 10 सेंटिमीटर) लॉग, म्हणजे साधारण 14.5. दोन्ही मिळून साडेबावीस, आठ भागिले साडेबावीस, उत्पादन एक तृतीयांशाच्या आसपास! या जादा अडथळ्याला 'स्किन' म्हणतात.

उपाय आहेत. केसिंगमधून, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पोलादी पाइपातून, स्फोटक चार्ज डागून खराब कड्याच्या पलीकडे भोकं पाडतात, चुनखडी असेल तर 15 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतात, नाहीतर दाबाने दगडाला भेग पाडतात, ज्याचा प्रयोग 1947 मध्ये कॅन्ससच्या ह्यूगोटन फील्डमध्ये झाला. पण ही यंत्रं आणि माणसं भाड्याने येतात. मोठ्या कंपनीच्या ओळीने वीस विहिरी असतात, छोटीची एक, त्यामुळे तिचा नंबर शेवटी लागतो आणि तोवर कर्जावर व्याज चढत राहतं. शिवाय विहिरीत उभं राहिलेलं पाणी उपसायचं असतं, कारण 2000 मीटरचा पाण्याचा स्तंभ जवळजवळ 200 वातावरणांचा दाब देतो आणि दगडातला दाब त्याहून कमी असेल तर एक थेंब वर येणार नाही, मग खाली नायट्रोजन सोडून तो स्तंभ हलका करायचा. आणि वायू निघाला पण जवळ पाइपलाइनच नसली तर तो विकायचा कसा?

या सगळ्यावर 'जादूचं यंत्र' विकणारेही असतात. 1970 च्या दशकात विमानातून जमिनीखालचं तेल 'दिसतं' असं सांगून फ्रान्सच्या एल्फ अकितेन कंपनीला यंत्र विकलं गेलं. 1979 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जूल होरोविट्झ यांनी भिंतीआड एक पट्टी धरायला लावली, यंत्राने सरळ पट्टी दाखवली, पण ती त्यांनी आधीच वाकवली होती. पाणाड्याची काडी असो नाहीतर विमानातलं यंत्र, भिंतीआडची पट्टी ओळखता आली पाहिजे एवढी साधी परीक्षा पुरते.

खरी तपासणी वेगळी आहे. विहिरीच्या तळाशी प्रेशर गेज सोडायचं, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि दाब कसा चढतो ते बघत बसायचं. त्या आलेखावरून स्किन किती आणि पलीकडचा दगड मुळात कसा आहे हे वेगवेगळं काढता येतं, म्हणजे ॲसिडवर पैसे घालायचे की दगडच घट्ट आहे म्हणून सोडून द्यायचं ते ठरतं. पण त्यासाठी विहीर काही दिवस बंद ठेवावी लागते, घट्ट दगडात आठवडेसुद्धा, आणि जिचा कर्जाचा हप्ता त्याच एका विहिरीच्या तेलावर भरायचाय तिला नेमके तेच दिवस परवडत नाहीत, मग अंदाजानेच ॲसिड सोडलं जातं.