फिक्या रंगाची दीर्घायुषी वाईन

1888, 1891, 1925 आणि 1945. पहिल्या 57 वर्षांत इटलीतल्या ब्योंदी सांती या वाईन करणाऱ्या घराण्याने ‘रिझर्व्हा’ म्हणजे जास्त काळ मुरवायची खास वाईन म्हणून बाटलीत भरली ती एवढ्या चारच सालांची. बाकीच्या वर्षांची द्राक्षे त्यांच्या मते तेवढा पल्ला गाठणारी नव्हती. धंद्याच्या हिशेबाने हा वेडेपणाच. पण या चारपैकी 1891 ची बाटली शंभर वर्षांनंतरही जाणकारांनी चाखली आणि वाखाणली.

इटलीच्या टस्कनी प्रांतात, सिएना शहराच्या दक्षिणेला, मोंताल्चिनो नावाचे डोंगरमाथ्यावरचे गाव आहे. गावाजवळच्या ग्रेप्पो या मळ्यात ही वाईन होते. तिचे नाव ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो. दीर्घायुषी लाल वाईन म्हटली की काळसर, दाट, भरदार असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. ब्रुनेल्लो तशी नाही. ग्लासमागे धरलेले बोट दिसावे इतका तिचा रंग उतरता असतो, आणि काही वर्षांतच त्यात विटकरी झाक येते. रंगावरून आयुष्याचा अंदाज बांधणारा माणूस इथे हमखास फसतो.

याचे कारण द्राक्षाच्या जातीत आहे. ब्रुनेल्लो फक्त सांजोव्हेझे या एकाच द्राक्षापासून करतात. लाल वाईनचा रंग येतो सालीतल्या अँथोसायनिन गटाच्या रंगद्रव्यांमुळे. कॅबर्ने सोव्हिन्योंसारख्या जातीत या रेणूंच्या बऱ्याच भागाला एक जादा आम्लगट चिकटलेला असतो आणि त्याने रंग टिकायला मदत होते. सांजोव्हेझेत असे रेणू जवळजवळ नसतातच. शिवाय ऑक्सिजनला चटकन बळी पडणाऱ्या सायनिडिन प्रकाराचे प्रमाण तिच्यात जास्त. म्हणजे रंगाच्या बाबतीत ही जात जन्मतःच कच्ची.

मग टिकवते कोण? आंबटपणा आणि तुरटपणा.

तुरटपणा टॅनिनचा. जांभळे खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तीच ही क्रिया: टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते आणि तोंडातला बुळबुळीतपणा नाहीसा होतो. कोवळ्या ब्रुनेल्लोचा घोट घेऊन तोंड वाकडे करणारे काही चूक करत नाहीत. पुढे बाटलीत टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडले जातात. या जोडणीत ऑक्सिजनचाही हात असतो. बुचातून अगदी कणाकणाने शिरणारा ऑक्सिजन वाईनमधल्या सूक्ष्म लोहाच्या मदतीने थोड्या अल्कोहोलचे अॅसिटाल्डिहाइड करतो आणि ते दोन रेणूंमधला दुवा बनते. अशा जोडरेणूंतला रंग सुट्या अँथोसायनिनपेक्षा चिवट असतो. फार मोठे झालेले रेणू तळाशी साका म्हणून बसतात. साखळ्या वाढत जातात आणि वाईन मऊ होते, असे पूर्वी सरसकट सांगत. चित्र तेवढे सोपे नाही. आम्लात याच साखळ्या तुटतात आणि पुन्हा जुळतातही, त्यामुळे तुरटपणा नेमका का निवळतो यावर संशोधन अजून चालू आहे.

खरा पहारेकरी मात्र आम्ल, आणि कौतुक नेहमी टॅनिनच्याच वाट्याला येते. पीएच हे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी, तितकी वाईन आंबट. तो कमी असला की ऑक्सिडेशन मंदावते आणि जंतूंना वाढायला वाव राहत नाही. वाईनमध्ये थोडा सल्फर डायॉक्साइड संरक्षक म्हणून असतो; त्याचा जंतुनाशक हिस्सा पीएच 3.5 असताना मुक्त, म्हणजे इतर रेणूंशी न जोडलेल्या, साठ्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतो, तर 3.0 ला सहा टक्के. औषध तेवढेच, गुण तिप्पट. ग्रेप्पोचा मळा उंचावर असल्याने रात्री गार असतात, आणि उष्णतेत मण्यातले मॅलिक आम्ल जसे झपाट्याने जळते तसे तिथे जळत नाही. घराण्याच्या अलीकडच्या पिढीतले फ्रांको ब्योंदी सांती तर शेजाऱ्यांच्या आधी तोडणी करण्याबद्दल प्रसिद्ध होते. थोडी गोडी गेली तरी चालेल, आंबटपणा राहिला पाहिजे, हा त्यांचा हिशेब.

या सगळ्याची सुरुवात त्यांच्या पणजोबांच्या पिढीच्याही आधीची. क्लेमेंते सांती हे औषधनिर्माण शिकलेले गृहस्थ; त्यांच्या 1865 च्या निवडक लाल वाईनला 1869 मध्ये बक्षीस मिळाले. त्या काळी मोंताल्चिनोची ओळख गोड पांढऱ्या मोस्कादेल्लो वाईनसाठी होती आणि टस्कनीत सांजोव्हेझेमध्ये इतर द्राक्षे मिसळून वाईन लवकर पिऊन टाकत. क्लेमेंतेंचा नातू फेर्रुच्चो याने उलटी वाट धरली. चांगल्या वेलींच्या काड्या निवडून कलमे केली, दुसरे कुठलेच द्राक्ष मिसळायचे नाही असे ठरवले आणि वाईन मोठ्या ओक पिंपांत वर्षानुवर्षे ठेवली. फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपभर बागा उद्ध्वस्त होत होत्या तो हा काळ. अशा वेळी वीस वर्षांनी पिण्याची वाईन करायला घेणे म्हणजे हट्टच. त्याच निवडीतून पुढे बीबीएस 11 हा नोंदणीकृत वाण आला.

मोठ्या पिंपांचेही एक गणित आहे. पिंप जितके मोठे, तितका दर लिटर वाईनला लाकडाचा स्पर्श कमी. म्हणून लाकडाचा वास चढत नाही आणि हवाही हळूहळू मिळते. आजचा नियम सांगतो की ब्रुनेल्लो किमान दोन वर्षे लाकडात हवी आणि तोडणीच्या सालानंतरच्या पाचव्या वर्षाच्या 1 जानेवारीआधी ती विकायची नाही. रिझर्व्हा आणखी एक वर्ष थांबते.

फेर्रुच्चोचा मुलगा तांक्रेदी याने 1927 मध्ये एक विलक्षण काम केले. दशके उलटली की बुचातून वाईन उडत जाते, पातळी खाली येते आणि वरची हवेची जागा वाढते. त्याने जुन्या रिझर्व्हाच्या बाटल्या उघडल्या, चाखल्या, आणि चांगल्या निघालेल्यांत त्याच सालाची वाईन भरून नवे बूच ठोकले. याला रिकोल्मातूरा म्हणतात. त्यासाठी काही बाटल्यांचा बळी द्यावा लागतो, हे ओघाने आलेच. मला यात मेहनत दिसते तशी एक अडचणही दिसते. उघडलेल्या बाटलीला ऑक्सिजनचा एक डोस मिळतोच, आणि आत दोन बाटल्यांचे मिश्रण होते. तेव्हा ‘ही वाईन शंभर वर्षे टिकली’ हे विधान जेवढे द्राक्षाबद्दल आहे तेवढेच ते निगराणीबद्दल आहे. या बाटल्या एकाच गार तळघरात न हलता पडून होत्या, दुसऱ्या महायुद्धात भिंत बांधून लपवल्या गेल्या होत्या. बाजारात हातोहात फिरलेल्या बाटलीला हे भाग्य कुठले!

आता ब्योंदी सांतीच्या मालकीतला मोठा वाटा ईपीआय या फ्रेंच समूहाकडे आहे. फ्रांको 2013 मध्ये गेले.

सांजोव्हेझे आपल्याकडेही आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली वाईन्सने ती लावली आणि ‘सेत्ते’ या वाईनमध्ये तिची जोड कॅबर्ने सोव्हिन्योंशी घातली. रसायनशास्त्राच्या नजरेने ही जोडी पटते: एकीचा रंग कच्चा, दुसरीचा पक्का. पण मोंताल्चिनोत तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, तर आपल्याकडे ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी, वर एप्रिलची खरड छाटणी. वर्षातून दोनदा कात्री खाणाऱ्या वेलीचा घड आणि हिवाळाभर झोपणाऱ्या वेलीचा घड यांच्याकडून एकाच आयुष्याची अपेक्षा धरता येत नाही. आणि बाटली कुठलीही असो, पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात ती स्वयंपाकघरातल्या फडताळात उभी ठेवली, तर तळघरात बारा-तेरा अंशांना रेंगाळणाऱ्या सगळ्या अभिक्रिया तिथे कित्येक पट वेगाने उरकतात.