उंची कमी केलेल्या मोटारीतील चाकाचा ऑफसेट व टायरचे माप

मूळच्या स्प्रिंगांऐवजी आखूड स्प्रिंगा किंवा उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांचा एकत्र जोड) बसवून मोटार जमिनीजवळ आणली, की चाक आणि मडगार्ड यांमधील मोकळी जागा कमी होते. मूळ उंचीवर बिनघोर चालणारे रुंद रिम अशा मोटारीत खड्ड्यात, वळणावर किंवा मागच्या बाकावर माणसे बसताच घासू लागते. म्हणून रिमची रुंदी, ऑफसेट आणि टायरचे माप ही तिन्ही एकत्र ठरवावी लागतात. त्यांपैकी एक आधी निवडून बाकीची दोन नंतर जुळवण्याची रीत सर्रास आढळते आणि घासण्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच असते.

रिमचा जो सपाट भाग हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागावर टेकतो, तो रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून जितके मिलिमीटर दूर असतो, त्या अंतराला ऑफसेट म्हणतात. टेकणारा भाग मध्यरेषेच्या बाहेरच्या, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूला असेल तर ऑफसेट धन, आतल्या बाजूला असेल तर ऋण आणि नेमका मध्यरेषेवर असेल तर शून्य असतो. रिमवर तो बहुधा ‘ईटी ४५’ अशा स्वरूपात कोरलेला असतो; ‘ईटी’ ही अक्षरे ‘आइनप्रेसटीफे’ या जर्मन शब्दावरून आली आहेत. ऑफसेटचा आकडा कमी होत गेला की चाक बाहेर सरकते, वाढत गेला की आत शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडे सरकते. रिमची रुंदी इंचांत सांगतात, पण ती टायरची कड जेथे बसते त्या दोन जागांमधील असते. रिमच्या दोन्ही ओठांसह प्रत्यक्ष रुंदी साधारण एका इंचाने जास्त भरते. जागा मोजताना हा इंच विसरला जातो.

चाक किती सरकेल याचा हिशेब अवघड नाही. रुंदीचे मिलिमीटर करून निम्मे घ्यावेत. त्यातून ऑफसेट वजा केला की हबपासून बाहेरची कड मिळते आणि त्यात ऑफसेट मिळवला की आतली कड मिळते. समजा, ७ इंच रुंद व ईटी ४५ असलेल्या रिमच्या जागी ८ इंच रुंद व ईटी ३५ असलेले रिम बसवायचे आहे. पहिल्याची निम्मी रुंदी ८८.९ मिमी. असल्याने बाहेरची कड ४३.९ आणि आतली १३३.९ मिमी.वर येते. दुसऱ्याची निम्मी रुंदी १०१.६ मिमी. असल्याने त्याच कडा अनुक्रमे ६६.६ आणि १३६.६ मिमी.वर येतात. म्हणजे चाक बाहेर २२.७ मिमी. येईल, तर आत केवळ २.७ मिमी. जाईल. ऑफसेट ४५ तसाच ठेवून फक्त रुंदी एक इंचाने वाढवली असती, तर दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. वाढले असते आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरशी असलेली जागा संपण्याची शक्यता होती. स्पेसर लावणे म्हणजेही ऑफसेट कमी करणेच. ईटी ४५ च्या रिममागे १५ मिमी.ची चकती घातली, की ते व्यवहारात ईटी ३० होते.

हा हिशेब उभ्या मोटारीचा आहे. निर्णय मात्र चाक वर गेलेल्या स्थितीवरून घ्यावा लागतो. मूळचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि मूळचे बंप स्टॉप (चाकाला ठरावीक उंचीवर अडवणारे रबरी ठोकळे) कायम ठेवून फक्त स्प्रिंगा आखूड केल्या, तर चाक वर जाण्याची शेवटची मर्यादा बदलत नाही, कारण ती बंप स्टॉप ठरवतो. बदलते ते एवढेच, की पूर्वी एखाद्या मोठ्या खड्ड्यात क्वचित गाठले जाणारे ते टोक आता रोजच्या धक्क्यांत गाठले जाते. बंप स्टॉप कापला किंवा आखूड शॉक बसवला, तर मात्र चाक पूर्वी कधीच न गेलेल्या जागेत शिरते आणि मोटार बनवणाऱ्याने राखलेली मोकळीक तेथे संपलेली असते. हा फरक न ओळखता केलेली कोणतीही निवड अंदाजावरच उभी राहते.

खात्रीचा मार्ग एकच आहे. मोटार स्टँडवर भक्कम टेकवून, स्प्रिंग काढून किंवा कॉइलओव्हर स्प्रिंगेविना तात्पुरता जोडून, चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत हळूहळू उचलावे आणि त्याच स्थितीत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. मडगार्डच्या आतल्या दुमडीवर आणि शॉकच्या नळीवर मऊ मातीच्या गोळ्या चिकटवल्या, की चाक फिरल्यावर त्या किती चेपल्या यावरून उरलेली जागा मोजता येते. पुढच्या चाकांना ही पाहणी अधिक लागते. तेथे मडगार्डच्या कडेइतकाच आतल्या प्लॅस्टिक अस्तराचा मागचा कोपराही अडतो आणि तो उभ्या चाकावरून दिसत नाही.

उंची कमी केल्याने कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, हाही बदलतो. अनेक सस्पेन्शनांत चाक वर जाताना त्याचा माथा आत कलतो. सुमारे ६३२ मिमी. व्यासाच्या टायरचा माथा एका अंशाच्या वाढीव कलाने साधारण ५.५ मिमी. आत जातो, म्हणून बाहेर आलेले रिमही मडगार्डखाली बसते. मॅकफर्सन रचनेत, म्हणजे चाकाला वरून शॉकच आणि खालून एक भुजा धरते त्या सस्पेन्शनात, हा लाभ थोडाच मिळतो आणि खालची भुजा आडव्या रेषेच्या वर गेल्यावर तो उलटू लागतो. मडगार्डखाली चाक बसावे एवढ्यासाठीच कॅम्बर वाढवू नये. त्यातच टो, म्हणजे वरून पाहता चाकांचा आत किंवा बाहेर वळलेला कोन, बिघडलेला असेल तर टायरची आतली कड झपाट्याने झिजते: बाहेरून पाहणाऱ्याला खाचा पूर्ण दिसतात आणि आतल्या कडेवर हात फिरवला की रबर संपून तारा बोटाला टोचतात.

टायरच्या मापात व्यासाला पहिले स्थान आहे. २०५/५५ आर १६ या मापात २०५ मिमी. ही रुंदी, तिचे ५५ टक्के म्हणजे ११२.७५ मिमी. ही टायरच्या भिंतीची उंची आणि १६ इंच हा रिमचा व्यास. एकूण व्यास ६३१.९ मिमी. होतो. २२५/४५ आर १७ चा व्यास ६३४.३ मिमी. भरतो, म्हणजे अर्ध्या टक्क्याचाही फरक पडत नाही. २१५/४० आर १७ घेतल्यास व्यास ६०३.८ मिमी.वर येतो. मडगार्डखाली जागा वाढते आणि मोटार आणखी १४ मिमी. खाली येते, पण खालचा सगळा भाग रस्त्याच्या तितकाच जवळ जातो आणि स्पीडोमीटर पूर्वीच्या मानाने सुमारे साडेचार टक्के जास्त वेग दाखवू लागतो. चारही चाकांना जोर देणाऱ्या मोटारीत पुढच्या आणि मागच्या टायरांचा घेर सारखा न राहिल्यास त्याचा भार थेट गिअरच्या यंत्रणेवर पडतो.

टायर किती वजन पेलू शकतो हे सांगणाऱ्या भारांकाकडे फार थोडे लोक पाहतात, ही खेदाची गोष्ट आहे. ९१ या भारांकाचा टायर ६१५ किग्रॅ. भार पेलतो, ८७ चा ५४५ किग्रॅ. वरच्या उदाहरणातील १६ इंची टायर बहुधा ९१ चा असतो, तर २१५/४० आर १७ हा वाढीव भाराच्या प्रकारातही ८७ चाच मिळतो. जड मोटारीला तो बसवणे चूक आहे, मग तो मडगार्डखाली कितीही नेटका दिसो. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची पद्धतही याच कारणाने त्याज्य मानावी. प्रत्येक मापासाठी रिमची रुंदी ठरलेली असते. २२५/४५ आर १७ साठी ती ७ ते ८.५ इंच आहे. त्यापलीकडे ताणलेल्या टायरची कड हवा कमी होताच रिमवरून निसटू शकते आणि रिमचा ओठ उघडा पडून दगडाचा मार खातो. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाले की तोच टायर साधारण ५ मिमी.ने फुगतो, हेही जागा मोजताना धरावे.

ऑफसेट कमी केल्याचा परिणाम मोकळ्या जागेपुरता राहत नाही. स्टिअरिंगचा आस जमिनीला जेथे भेटतो, त्या बिंदूपासून टायरचा मध्य बाहेर सरकतो, त्यामुळे एका चाकाला बसलेला धक्का किंवा ब्रेकचा असमान जोर हातात जास्त जाणवतो. बेअरिंगवरील तरफेचा भारही वाढतो. म्हणून मूळ ऑफसेटपासून फार दूर जाऊ नये. नटांच्या वर्तुळाचे माप आणि रिमचे मधले भोक हबशी तंतोतंत जुळावे. भोक मोठे असल्यास ती फट भरणारी मध्यकडी बसवावी. ब्रेक कॅलिपरसाठीची जागा मात्र ऑफसेटवरून कळत नाही, कारण ती आऱ्यांच्या वाकावर अवलंबून असते. एक रिम प्रत्यक्ष चढवूनच ती पाहावी लागते.

नव्या स्प्रिंगा पहिल्या काही आठवड्यांत थोड्या बसतात आणि मोटार आणखी काही मिलिमीटर खाली येते. त्यामुळे चाकांचे अलाइनमेंट (कॅम्बर व टो यांची जुळणी) स्प्रिंगा बसवल्या दिवशी केले असले, तरी स्प्रिंगा बसल्यावर ते पुन्हा करावे लागते. मडगार्डची मोकळी जागाही त्याच वेळी मोटारीत नेहमीइतकी माणसे बसवून पुन्हा मोजावी.