हाड कोण जुळवतं?

घरात कुणी पडलं, मनगट सुजलं, की पहिल्या पाच मिनिटांत तीन सल्ले हमखास येतात. कुणी म्हणतं, तेल लावून चोळा. कुणाला हळद आणि अंड्याचा लेप आठवतो. आणि कपाटातल्या होमिओपॅथीच्या छोट्या बाटल्यांतून अर्निका बाहेर निघते, तिच्यामागून सिम्फायटम, कारण ‘त्याने हाड लवकर जुळतं’. सांगणाऱ्या सगळ्यांच्या पोटात माया असते. पण मनगट खरंच मोडलं असेल तर चोळण्याने अपाय होतो, लेपाच्या भरवशावर एक्स-रे लांबतो आणि गोळ्यांना श्रेय मिळतं ते मुळात हाडाने स्वतः केलेल्या कामाचं.

हे काम मला नेहमी थक्क करतं. हाड मोडतं तेव्हा त्यातल्या आणि भोवतीच्या रक्तवाहिन्याही तुटतात, आणि फटीत रक्त साकळून गाठ बनते. ही गाठ म्हणजे पुढच्या बांधकामाचा पाया. दोन-तीन आठवड्यांत तिथे कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो. मग त्यात कॅल्शियमचे क्षार बसू लागतात आणि एक्स-रेवर मोडल्या जागेभोवती ढगासारखी पांढुरकी सावली दिसते. डॉक्टर तिला कॅलस म्हणतात. मोठ्या माणसाच्या मनगटाला साधारण सहा आठवडे लागतात, नडगीला तीन-चार महिने किंवा जास्तही. त्यानंतर कित्येक महिने हाड स्वतःला तासत राहतं: जिथे भार पडतो तिथे भर घालतं, नको तिथलं काढून टाकतं. कातडीवर व्रण राहतो, हाड मात्र पुन्हा हाडच होतं. प्लास्टर किंवा आतली पट्टी-स्क्रू टोकं जागेवर धरून ठेवतात, जोडणी शरीर करतं. आता या नाजूक गाठीवर जोर लावून चोळलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून प्रथमोपचाराचा गाभा एकच: तो भाग हलू द्यायचा नाही. ‘बोटं हलताहेत ना, मग मोडलं नाही’ हा समज अगदी चुकीचा आहे. मोडलेल्या मनगटाचीही बोटं हलतात. एक्स-रे होईपर्यंत मोडलंय असंच धरून चला. आधी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा, कारण तासाभराने सुजेत ते रुततात. जाड मासिक किंवा वर्तमानपत्रांची घडी हाताखाली धरा, मोडल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे तिच्यात येतील अशी. पंच्याने किंवा ओढणीने ती बेताची बांधा आणि हात झोळीत ठेवा. वाकडं दिसलं तरी ओढून सरळ करू नका. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा, थेट कातडीवर नको. बांधण्याआधी आणि नंतर त्या हाताचं नख दाबून सोडा: दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. नाही परतला, किंवा बोटं गार-बधिर लागली, तर बांधलेलं सैल करा.

जखमेतून हाड दिसत असेल तर ते आत ढकलू नका. स्वच्छ कापडाने झाका आणि निघा. मांडीचं हाड मोडलं तर बाहेर थेंबही न दिसता लिटरभर रक्त आत वाहू शकतं, तेव्हा माणूस पांढरा पडला, घामाने गार झाला तर महाराष्ट्रात १०८ ला लगेच फोन करा, क्षणही दवडू नका. मानेला-पाठीला मार असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत जागेवरून उचलू नका. आणि एक गोष्ट आपल्याला फार जड जाते: चहा-पाणी देऊ नका. शस्त्रक्रिया लागली तर भूल देताना पोट रिकामं हवं.

आता त्या बाटल्यांकडे. सिम्फायटम हे कॉम्फ्रे या युरोपीय वनस्पतीचं नाव, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘जुळून येणं’ असा आहे. इंग्लंडमध्ये तिला लोक ‘निटबोन’, म्हणजे हाड सांधणारी, म्हणत आले आहेत. लोकांचा विश्वास उगाच तयार झालेला नाही, पण बाटलीवर लिहिलेल्या ‘३० सी’चा अर्थ बघू. शंभरात एक भाग असं पातळ करणं लागोपाठ ३० वेळा, म्हणजे १ वर ६० शून्ये इतकं. अख्खी पृथ्वी पाण्याची असती तरी तिच्यात २ वर २८ शून्ये इतकेच थेंब मावले असते. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा शेवटचा रेणू संपतो; पुढे उरते साखर. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये १७६ अभ्यास तपासून, कोणत्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. उलट, कमी पातळ केलेला अर्क पोटात घेणं धोक्याचं आहे. कॉम्फ्रेमध्ये यकृताला इजा करणारी अल्कलॉइडं असतात, आणि अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २००१ मध्ये पोटात घ्यायची कॉम्फ्रेची पूरक उत्पादनं बाजारातून काढायला सांगितलं. अर्निकाचा अर्क उघड्या जखमेवर लावू नये, हेही लक्षात ठेवा.

‘पण आमच्या काकांना गुण आला!’ आला असणारच. गोळ्या घेतल्या त्या सहा आठवड्यांत हाडाने आपलं काम पूर्ण केलं, आणि आठवणीत गोळ्या राहिल्या.

हाडवैद्यांबद्दल मात्र मला एकदम हात झटकता येत नाहीत. वेल्समधल्या अँगलसीच्या हाडं बसवणाऱ्या घराण्यातला ह्यू ओवेन थॉमस (१८३४-१८९१) शिकून डॉक्टर झाला आणि लिव्हरपूलमध्ये काम करू लागला. ‘अखंड विश्रांती’ हा त्याचा आग्रह आणि त्याच्या नावाचा स्प्लिंट, म्हणजे मोडलेलं हाड हलू न देणारा आधार, आजही अस्थिरोगशास्त्रात आहे. भाच्याने, रॉबर्ट जोन्सने, तो पहिल्या महायुद्धात वापरात आणला आणि मांडी मोडलेले असंख्य सैनिक वाचले. त्या परंपरेची नजर आणि हात अनुभवाने तयार झालेले होते, त्याला एक्स-रे आणि रक्तप्रवाहाचं ज्ञान मिळालं तेव्हा मोठी गोष्ट घडली.

ते ज्ञान नसताना बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या की काय होतं, तेही नोंदलेलं आहे. सूज वाढते, पट्टी वाढत नाही, आणि आतल्या स्नायूंचं रक्त अडतं. सहा तासांच्या आसपास ते मरू लागतात. कोपर मोडलेल्या मुलांचा पंजा त्यामुळे कायमचा आखडतो. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढे कधी कधी हातच कापावा लागतो. डॉक्टरांनी घातलेल्या प्लास्टरखालीही हे घडू शकतं. त्यामुळे पहिल्या दोन रात्री हात उशीवर उंच ठेवा. मूल औषध देऊनही जास्तच विव्हळत असेल, तुम्ही त्याची बोटं हळूच सरळ करताना किंचाळत असेल, बोटं निळसर किंवा बधिर झाली असतील, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याला तसंच उचलून दवाखान्यात न्या.